अभिनेत्री नूतन यांचं फारसं माहीत नसलेलं गाणं

नूतन म्हटलं की तुमच्या आजीला 'सुजाता' आणि 'बंदिनी' आठवतील. पण ही अभिनेत्री स्वतः गायचीसुद्धा, हे आमच्या पनवेलच्या स्टाफरूममध्येही कुणाला ठाऊक नव्हतं!

नूतन यांचा जन्म ४ जून १९३६ रोजी मुंबईत झाला. आई शोभना समर्थ अभिनेत्री, वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक. आईनेच काढलेल्या 'हमारी बेटी' (१९५०) मध्ये त्या नायिका झाल्या आणि त्यात गाणंही म्हटलं. वय अवघं चौदा! संगीतकार होते स्नेहल भाटकर.

तेव्हा पार्श्वगायन रूढ झालं होतं. म्हणजे गाणारी वेगळी, पडद्यावर ओठ हलवणारी वेगळी. 'सीमा' (१९५५) मधलं जयजयवंती रागातलं गाणं एकदा बघाच. आवाज लता मंगेशकरांचा, पण नूतन यांचा गळा असा हलतो की त्याच गातायत असं वाटतं. गाणं अंगात असल्याशिवाय हे जमत नाही, असं मला तरी वाटतं.

१९६० मध्ये आईने 'छबिली' काढला. संगीत पुन्हा भाटकरांचं. यात नूतन स्वतः गायल्या, एक गाणं तर हेमंतकुमारांबरोबर. पुढे 'बंदिनी'त मात्र त्यांच्यासाठी लताबाई गायल्या. नायिका म्हणून पाच फिल्मफेअर, १९७४ मध्ये पद्मश्री. कौतुक झालं ते अभिनयाचं. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी कर्करोगाने त्या गेल्या.

आज घरी 'छबिली'तलं त्यांचं गाणं लावा, आणि आवाज कुणाचा ते आजीला ओळखायला सांगा.