परतीची बोट न पकडलेला सोलापूरचा डॉक्टर

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूर-अकलूज परिसरातून आणि एकूणच सोलापूर जिल्ह्यातून आता मुले डॉक्टर व्हायला चीन, रशिया, फिलिपिन्स अशा देशांत जातात. शिक्षण संपत आले की घरात एकच विषय असतो. विद्यार्थी व्हिसाची मुदत संपणार, मग मुलाने लगेच परत यायचे की मुदत वाढवून तिथेच राहायचे? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशात किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. आईवडील थकलेले असतात, कर्ज फिटायचे असते आणि मुलाचे मन दोन्हीकडे ओढ घेत असते.

याच जिल्ह्यातल्या एका तरुण डॉक्टरपुढे हा प्रश्न ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता. तो विद्यार्थी म्हणून गेला नव्हता आणि तेव्हा आजच्यासारखे व्हिसाचे नियमही नव्हते. पण परत जायचे की राहायचे, हे त्यालाही ठरवावे लागले आणि तेही एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक वेळी त्याने राहायचे ठरवले. त्याचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घर मोठे, भावंडे बरीच आणि परिस्थिती बेताची. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीला लागले. हातात पदवी आली होती. घरच्यांना आता धाकधूक नको, स्थिरता हवी होती.

त्याच सुमारास जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर हे ज्येष्ठ, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांतले दोघे आजच्या महाराष्ट्रातले होते. सप्टेंबर १९३८ च्या आरंभी मुंबईहून त्यांची बोट सुटली. साधारण वर्षभर सेवा करून परत यायचे, असा हिशेब होता.

कँटन, हँको, इचांग करत पथक चुंगकिंगला पोहोचले. तिथे कोटणिसांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी जाण्याची मोकळीक त्यांना होती आणि ते परत फिरले असते, तर कोणी बोल लावला नसता. पण पथकाचे खरे काम अजून सुरूही झाले नव्हते. कोटणीस थांबले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये तिथली रुग्णालये चालत.

पुढे एकेक सहकारी परतू लागला. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या आजाराने ग्रासले होते. चोळकर वयाने मोठे होते. अटल यांचीही तब्येत साथ देईना. अखेर बसू आणि कोटणीस दोघेच उरले. बसू येनानमध्ये काम करू लागले. ते १९४३ मध्ये भारतात परतले आणि पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून त्यांनी ते कोलकात्यात रुजवले. कोटणीस मात्र आघाडीच्या भागात, होपेई प्रांतातल्या डोंगराळ खेड्यांत राहिले.

त्या भागात त्यांच्याआधी कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांच्या बोटाला जखम झाली, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रबरी हातमोज्यांचीही टंचाई असण्याचे ते दिवस होते आणि पेनिसिलिन अजून वापरात आले नव्हते. बोटावरच्या एका लहानशा जखमेने एवढा मोठा सर्जन गेला, हे कोटणीस जाणून होते आणि त्यांना त्याच ठिकाणी काम करायचे होते.

१९४० च्या उत्तरार्धात मोठी लढाई पेटली. जखमींचा ओघ थांबेना. कोटणीस सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत राहिले, असे सांगितले जाते. लढाई नसेल तेव्हा ते शिकवत. त्यासाठी त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचे पाठ देऊ लागले. तिथे त्यांचे नाव के तिहुआ असे झाले. १९४१ च्या आरंभी बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते.

त्याच वर्षाअखेरीस परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इनहुआ ठेवले. त्यातल्या ‘इन’ चा अर्थ भारत आणि ‘हुआ’ चा अर्थ चीन. वर्षाच्या बोलीवर गेलेल्या माणसाचे आता तिथे घर झाले होते.

पण शरीर वेगळाच हिशेब मांडत होते. कोटणिसांना फिट येऊ लागल्या होत्या. ज्याला आपण फेफरे, आकडी किंवा मिरगी म्हणतो आणि वैद्यकशास्त्र अपस्मार म्हणते, तो हा आजार. मेंदूच्या पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युतसंकेतांनी बोलतात. कधी अनेक पेशी एकदमच अनियंत्रित संकेत सोडू लागतात आणि हातपाय आखडतात, शुद्ध हरपते. ज्याला हा आजार आहे त्याला अपुरी झोप, अतिश्रम, उपासमार, ताप आणि गोळ्या चुकणे या गोष्टी विशेष घातक ठरतात. कोटणिसांच्या दिनक्रमात झोप अपुरी होती, श्रम अतोनात होते आणि खाणे साधे, तेही वेळी-अवेळी.

अपस्मारावर औषधे तेव्हा नव्हती असे नाही. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात होते. फेनिटॉइन हे नवे औषध परिणामकारक असल्याचे १९३८ मध्ये, म्हणजे कोटणीस बोटीत चढले त्याच वर्षी, जगासमोर आले. पण जपानी सैन्याने वेढलेल्या डोंगरांत साधी मलमपट्टीही मोजून वापरावी लागे, तिथे रोजच्या गोळ्या नियमित कुठून मिळणार? उपचार आणि विश्रांतीसाठी तो भाग सोडून जावे, असे वरिष्ठांनी सुचवूनही कोटणीस हलले नाहीत. रुग्णालय होते, विद्यार्थी होते आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहून व्हायचे होते.

डिसेंबर १९४२ मध्ये एकामागून एक झटके आले. एक फिट थांबून रुग्ण शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू होते किंवा झटका पाच मिनिटांहून जास्त चालतो, तेव्हा ती जिवावरची आणीबाणी असते. श्वास अडखळतो, मेंदूला प्राणवायू कमी पडतो, शरीराचे तापमान आणि रक्तातले आम्ल वाढते. आज अशा वेळी शिरेतून किंवा नाकातून औषध देऊन झटका थांबवता येतो आणि गरज पडली तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असते. त्या खेड्यात यातले काही नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले. वय ३२, मुलगा साडेतीन महिन्यांचा.

चीनने त्यांना विसरले नाही. शिचियाच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. सोलापुरात भैय्या चौकातले त्यांचे जन्मघर आज स्मारक आहे. कुटुंबाच्या वाट्याला मात्र आणखी दुःख आले. इनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतबाहेर, मरण पावला. कुओ चिंगलान भारतात सासरच्या माणसांना भेटून गेल्या आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोटणिसांच्या त्यागाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण त्यांच्या आजाराची गोष्ट सहसा सांगत नाही. ती सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. हा आजार म्हणजे कलंक नाही आणि बाहेरची बाधाही नाही. तो असलेला माणूस शिकू शकतो, लग्न करू शकतो, मोठ्या जबाबदाऱ्या पेलू शकतो. कोटणिसांनी आजार अंगावर असताना रुग्णालय चालवले, याहून मोठा दाखला कोणता?

समोर कोणाला फिट आली, तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही किंवा लगेच दुसरा आला, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

आणि जी मुले दूर देशी मुक्काम वाढवायच्या विचारात आहेत, त्यांनी कागदपत्रांच्या यादीत आणखी एक ओळ लिहावी. रोजचे औषध असेल तर त्याचे शास्त्रीय नाव, डॉक्टरांची चिठ्ठी, आरोग्यविमा आणि ते औषध तिथे मिळते का याची चौकशी. आजार लपवून जाऊ नये. खोलीतल्या सोबत्याला तरी तो ठाऊक असावा. कोटणिसांना औषध मिळण्याची वाट बंद होती. आज श्रीपूरहून निघालेल्या मुलाला ती मोकळी आहे. त्याने ती वापरावी आणि मुक्काम एक वर्षाचा असो की दहा वर्षांचा, धडधाकट घरी यावे.