जपानची विद्यादात्री त्सुदा उमेको

इ. स. १८७१ च्या डिसेंबर महिन्याच्या २३ व्या तारखेस योकोहामा बंदरातून 'अमेरिका' नावाची आगबोट सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाली. जपानी सरकारातील थोर मुत्सद्दी इवाकुरा तोमोमी, त्यांचे सहकारी, आणि पाश्चात्त्य विद्या संपादन करण्यास निघालेले कित्येक तरुण, असा शंभरावर मंडळींचा लवाजमा तिजवर होता. ह्या मंडळीत पाच मुली होत्या. त्यांतील सर्वांत धाकटीचे नाव त्सुदा उमे. (जपानी रीतीने आडनाव आधी व नाव मागून येते.) तिला सातवे वर्ष लागलेले होते, ते त्याच महिन्याच्या ३१ तारखेस भर समुद्रावर पुरे झाले.

एवढ्या कोवळ्या मुलीस सरकारने परदेशी का धाडावे, हा प्रश्न कोणासही पडेल. होक्काइदो बेटावर वसाहत करण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते कुरोदा कियोताका नुकतेच अमेरिका पाहून आले होते. तेथील स्त्रियांचे शिक्षण व समाजातील त्यांचे स्थान पाहून त्यांच्या मनाने असे घेतले की, राष्ट्र वर यावयाचे तर मुलांआधी त्यांच्या माता सुशिक्षित पाहिजेत. म्हणून काही मुलींना दहा वर्षे सरकारी खर्चाने अमेरिकेत ठेवावे, असे ठरले. परंतु प्रथम जाहीर केले तेव्हा एकही अर्ज आला नाही. दुसऱ्या खेपेस पाच आले, आणि ते पाचही अशा घराण्यांतून आले की जी १८६८ च्या यादवी युद्धात पराभूत शोगुनच्या पक्षाची होती. विजयी पक्षाच्या एकाही घराने आपली लेक दिली नाही! उमेची सोबतीण यामाकावा सुतेमात्सु ही तर आइझुच्या किल्ल्यात वेढा पडला असता आठ वर्षांची असून आत होती. तिचे मूळ नाव साकिको; निघतेवेळी आईने ते बदलून सुतेमात्सु, म्हणजे टाकून दिलेली व जिची वाट पाहावयाची ती, असे ठेविले. त्या एका नावात आईच्या अंतःकरणाची सारी व्यथा आली आहे.

उमेचे वडील त्सुदा सेन हे शोगुनच्या पदरी दुभाषे होते व १८६७ साली एकदा अमेरिकेस जाऊन आले होते. पुढे ते पाश्चात्त्य पद्धतीच्या शेतीचे प्रवर्तक म्हणून नावारूपास आले. १८६४ साली ही दुसरीही मुलगीच झाली म्हणून ते इतके रुष्ट झाले की नाव ठेवण्यासही थांबले नाहीत, व आईने उशाशी असलेल्या उमे वृक्षाच्या कुंडीवरून तिचे नाव ठेविले, अशी आख्यायिका आहे. उमे म्हणजे कडाक्याच्या थंडीत, पाने फुटण्याआधीच फुलणारे झाड. तोच पिता सहा वर्षांनी तिला जगाच्या दुसऱ्या टोकास पाठविण्यास तयार झाला, ह्यात महत्त्वाकांक्षा किती व वात्सल्य किती, हे ठरविणे कठीण. सहा वर्षांच्या मुलीची संमती मात्र कोणी घेतली नव्हती, हे खास.

१८७२ च्या जानेवारीत बोट सॅन फ्रान्सिस्कोस लागली. पुढे आगगाडीचा मार्ग बर्फाने अडल्यामुळे सॉल्ट लेक सिटी येथे पुष्कळ दिवस मुक्काम पडला, व फेब्रुवारीच्या अखेरीस मंडळी वॉशिंग्टन येथे पोहोचली. दोन वडील मुली प्रकृती मानवेना म्हणून त्याच वर्षी परत गेल्या. राहिलेल्या तिघींपैकी उमेस जॉर्जटाउन येथील चार्ल्स लॅनमन व त्यांची पत्नी अ‍ॅडेलाइन ह्यांच्या घरी ठेविले. लॅनमन हे ग्रंथकार व चित्रकार असून जपानी वकिलातीचे चिटणीस होते. ह्या जोडप्यास मूल नव्हते. थोडे दिवस सांभाळावयास म्हणून घेतलेली ही पाहुणी त्यांना पोटच्या लेकीसारखी झाली, व तिने आपले सर्व बालपण तेथेच काढले. तिला पुस्तकांचा मोठा नाद होता, आणि घरात ग्रंथसंग्रहही उत्तम होता. १८७३ साली, आठ वर्षांची असता, तिने आपण होऊन बाप्तिस्मा मागून घेतला. विशेष हे की, पुढे १८७५ साली जपानात तिचे आईबापही ख्रिस्ती झाले. एकमेकांपासून सहा हजार मैलांवर असलेले हे कुटुंब धर्माने अशा रीतीने पुन्हा एक झाले.

दहाची अकरा वर्षे झाली. शिगे १८८१ साली आधीच परतली होती. सुतेमात्सु व्हासर महाविद्यालयाची पदवी घेऊन व उमे शाळेचा अभ्यास पुरा करून अशा दोघी १८८२ च्या नोव्हेंबरात योकोहामास उतरल्या. आता उमेच्या आयुष्यातील खरी परीक्षा सुरू झाली. तिला जपानी भाषा येत नव्हती! ज्या आईच्या कुशीतून ती गेली त्या आईशी दोन शब्द बोलावयास तिला वडिलांचे किंवा बहिणीचे तोंड पाहावे लागे. चटईवर बसणे, वाकून नमस्कार करणे, वडीलधाऱ्यांपुढे कसे बोलावे, हे सारे तिला नव्याने शिकावे लागले. परदेशास जाणाऱ्याला परके वाटते, हे आपण समजू शकतो. परंतु स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर परके वाटणे हे दुःख निराळेच.

त्याहून मोठी निराशा सरकारकडून झाली. बरोबर गेलेले तरुण परत येताच मोठमोठ्या हुद्द्यांवर चढले. मुलींसाठी मात्र काही काम योजिलेलेच नव्हते. ज्या खात्याने त्यांना पाठविले ते होक्काइदोचे खातेच त्या वर्षी मोडले होते. राष्ट्राचा पैसा खर्चून अकरा वर्षे शिकविलेल्या मुलीने आता लग्न करावे, एवढीच सर्वांची अपेक्षा! शिगेने आरमारातील उरियु ह्यांच्याशी विवाह केला. सुतेमात्सुने १८८३ साली सेनापती ओयामा इवाओ ह्यांस वरिले. ज्या तोफखान्याने तिच्या बालपणी आइझुच्या किल्ल्यावर मारा केला त्यात हेच ओयामा होते. उमेने मात्र लग्नास नकार दिला. लॅनमनबाईंनी पत्रांतून तो विषय काढू नये, असेही तिने त्यांस कळविले. ज्यांनी शिक्षण दिले त्यांचे ऋण फेडावयाचे तर आपली शाळा काढावयाची, हा निश्चय तेव्हापासूनचा.

निश्चय आणि सिद्धी ह्यांत अठरा वर्षे गेली. प्रथम इतो हिरोबुमी ह्यांच्या घरी राहून त्यांनी त्यांच्या पत्नीस व कन्येस इंग्रजी शिकविले. १८८५ साली सरदार-उमरावांच्या मुलींसाठी सरकारने शाळा काढली, तीत त्यांस इंग्रजीच्या शिक्षिकेची मोठ्या मानाची जागा मिळाली. परंतु त्या मुलींना शिकण्याची भूक नव्हती. आणि आपल्यापाशी महाविद्यालयाची विद्या नाही, ही उणीव उमेकोबाईंना स्वतःस डाचत होती. १८८९ साली रजा घेऊन त्या पुनः अमेरिकेस गेल्या व फिलाडेल्फियाजवळील ब्रिन मॉर महाविद्यालयात दाखल झाल्या.

तेथे त्यांनी जीवशास्त्र घेतले. टॉमस हंट मॉर्गन हे तरुण प्राध्यापक त्यांचे गुरू. ह्यांना पुढे १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बेडकाच्या अंड्याची मांडणी कशी ठरते ह्यावरील गुरुशिष्यांचा संयुक्त निबंध १८९४ साली इंग्लंडातील एका शास्त्रीय त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. महाविद्यालयाने त्यांस तेथेच राहून संशोधन करावे असे सुचविले होते. प्रयोगशाळेचा मार्ग सुखाचा व कीर्तीचाही होता. तो सोडून त्या १८९२ साली स्वदेशी परतल्या. शास्त्राची त्यात हानी झाली असे कोणी म्हणेल. पण त्यांचे मन आधीच दुसरीकडे गुंतलेले होते.

परतण्यापूर्वी त्यांनी एक काम करून ठेविले, आणि माझ्या मते त्यांच्या चरित्रातील हे सर्वांत दूरदर्शी काम होय. एकटीला मिळाले ते इतरांसही मिळावे म्हणून फिलाडेल्फियातील मेरी मॉरिस ह्यांच्यासारख्या बाईंच्या साह्याने, ठिकठिकाणी व्याख्याने देऊन, त्यांनी ८,००० डॉलरांचा निधी जमविण्याचे योजिले. त्याच्या व्याजातून एकेका जपानी मुलीस अमेरिकेत शिकविता यावे, अशी योजना होती. त्याच शहरात थोड्याच वर्षांपूर्वी आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली वैद्यकीची पदवी घेऊन गेल्या होत्या, व ओकामी केइ नावाची जपानी स्त्री त्याच महाविद्यालयात त्यांच्या काळी शिकत होती. पंडिता रमाबाईंनीही ह्याच सुमारास अमेरिकन स्त्रियांच्या साह्याने निधी उभारला, आणि परतीच्या वाटेवर त्या जपानात उतरल्या होत्या. हिंदुस्थान व जपान ह्या दोन्ही देशांतील स्त्रीशिक्षणाची मुळे एकाच शहरातील काही दिवाणखान्यांपर्यंत पोहोचतात, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१८९८ साली उमेकोबाई डेन्व्हर येथील स्त्रीमंडळांच्या परिषदेस गेल्या. त्या प्रवासात त्यांस हेलन केलर भेटल्या. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे काही काळ त्यांनी व्याख्याने ऐकिली, व १८९९ च्या मार्चमध्ये वृद्ध फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांची भेट घेतली. त्यांनी दिलेली फुले बाईंनी पुस्तकात दाबून जन्मभर जपली.

अखेर १९०० साली सरकारी जागेचा राजीनामा देऊन त्यांनी १४ सप्टेंबर रोजी तोक्योत कोजिमाची भागातील एका भाड्याच्या लहानशा घरात 'जोशि एइगाकु जुकु', म्हणजे स्त्रियांचे इंग्रजी विद्यालय, उघडले. विद्यार्थिनी अवघ्या दहा! अमेरिकेतील मैत्रीण अ‍ॅलिस बेकन वेतन न घेता शिकविण्यास आल्या. सुतेमात्सु सल्लागार झाल्या. पहिल्या दिवशी बाईंनी मुलींना सांगितले ते थोडक्यात असे : चांगल्या इमारतीवाचूनही खरे शिक्षण देता येते, पण शिक्षकांची योग्यता व उत्साह आणि विद्यार्थ्यांची तळमळ ह्यांवाचून ते होत नाही, माणसांचे चेहरे जसे निरनिराळे तशी मनेही, म्हणून वर्ग लहानच असावेत. वर्गात त्या फार कडक असत. एखादा उच्चार चुकला तर तो साधेपर्यंत मुलीस पुनःपुन्हा म्हणावयास लावीत. १९०५ साली ह्या विद्यालयाच्या पदवीधर मुलींस सरकारी परीक्षेवाचून इंग्रजीच्या शिक्षिकेची सनद मिळू लागली. जपानात हा मान मिळविणारी ही स्त्रियांची पहिली शाळा.

त्या क्रांतिकारक मात्र नव्हत्या, हे सांगावयास हवे. १९११ साली तरुण स्त्रियांनी 'सेइतो' नावाचे मासिक काढून स्त्रीस्वातंत्र्याची उघड चळवळ आरंभिली, तेव्हा आपल्या विद्यार्थिनींनी तिच्यात पडावे, हे त्यांस रुचले नाही. ज्यांना त्यांनी इंग्रजी ग्रंथ वाचावयास शिकविले त्यांतूनच काहीजणी त्या चळवळीत गेल्या. शाळेवर बोट दाखविले जाऊ नये, ही त्यांची चिंता खरी होती. तरी ह्या बाबतीत मुली त्यांच्या पुढे गेल्या, असेच म्हणावे लागते.

१९१७ पासून मधुमेहाने त्या खंगत गेल्या व १९१९ साली त्यांनी प्रमुखपद सोडले. त्याच वर्षी त्यांच्या जागी योग्य बाई शोधण्याची धडपड करीत असता सुतेमात्सु इन्फ्लुएन्झाच्या साथीत निवर्तल्या. १९२३ च्या १ सप्टेंबरास झालेल्या प्रचंड भूकंपात व आगीत शाळेची इमारत भस्म झाली. तेव्हा फिलाडेल्फियाच्या अ‍ॅना हार्ट्सहॉर्न, ज्या १९०२ पासून तेथे शिकवीत होत्या, पुन्हा अमेरिकेस गेल्या व पाच लक्ष डॉलरांसाठी गावोगाव हिंडल्या. त्या पैशातून कोदाइरा येथे उभारलेली नवी इमारत १९३१ साली तयार झाली. ती पाहणे उमेकोबाईंच्या नशिबी नव्हते. १६ ऑगस्ट १९२९ रोजी कामाकुरा येथे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी त्या शाळेच्याच आवारात आहे.

पुढे जपान व अमेरिका ह्यांचे युद्ध जुंपले. हार्ट्सहॉर्नबाई १९४० साली थोड्या दिवसांसाठी म्हणून मायदेशी गेल्या, त्यांस परत येता आलेच नाही. जपानात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. विद्यालयाच्या प्रमुख होशिनो आइ ह्यांनी १९४३ साली गणित व पदार्थविज्ञान-रसायन ह्यांचे वर्ग जोडून संस्था कशीबशी जगविली.

१९४६ च्या मार्चमध्ये जॉर्ज स्टॉडर्ड ह्यांच्या नेतृत्वाखाली २७ अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचे मंडळ जित देशाच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी तोक्योत आले. त्यांच्याशी सहकार्य करण्यास नेमलेल्या जपानी समितीत होशिनो आइ व कावाइ मिचि ह्या दोन स्त्रिया होत्या. दोघीही ब्रिन मॉरच्या पदवीधर, आणि दोघीही उमेकोबाईंनी जमविलेल्या त्या ८,००० डॉलरांच्या व्याजावर शिकलेल्या. जेत्यांशी त्यांच्याच भाषेत, बरोबरीच्या नात्याने बोलू शकणाऱ्या स्त्रिया जपानला त्या दिवशी आयत्या मिळाल्या, त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या निधीमुळे. १९४८ साली नव्या कायद्याने ज्या पहिल्या बारा संस्थांस विद्यापीठाचा दर्जा मिळाला त्यांत त्सुदा विद्यालय होते. १९४९ पासून जपानी विद्यार्थी अमेरिकन सरकारच्या खर्चाने, व १९५२ पासून फुलब्राइट योजनेने, शेकड्यांनी तिकडे जाऊ लागले.

१९८४ साली त्सुदा विद्यापीठाच्या एका माळ्यावर जुन्या कागदांचा गठ्ठा सापडला. उमेकोबाईंनी परत आल्यापासून तीस वर्षे लॅनमनबाईंना लिहिलेली शेकडो पत्रे त्यात होती, सर्व इंग्रजीत. जपानच्या मध्यवर्ती बँकेने ३ जुलै २०२४ रोजी काढलेल्या पाच हजार येनांच्या नव्या नोटेवर त्यांची तसबीर आहे.