धीरूभाई अंबानी : पोस्टकार्डापेक्षा स्वस्त फोनचे स्वप्न

फोनवर बोलताना घड्याळाकडे बघावे लागते हे आपल्या बॅचला सांगूनही पटणार नाही. पण ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पैसे पडत. गंमत म्हणजे समोरून आलेल्या कॉलचेही पैसे आपणच भरायचे! त्यामुळे मोबाइल म्हणजे बड्या लोकांची चीज. ती भाजीवाल्याच्या खिशात जाऊ शकते असे ठामपणे मानणाऱ्यांत एक नाव फार मोठे आहे, धीरूभाई अंबानी.

धीरूभाईंचा जन्म २८ डिसेंबर १९३२ रोजी गुजरातमधील चोरवाड या गावी झाला. वडील शाळामास्तर, घरची परिस्थिती बेताची. मॅट्रिकनंतर पुढे शिकणे जमले नाही. सतराव्या वर्षाच्या आसपास ते एडनला गेले आणि ए. बेस अँड कंपनीत नोकरीला लागले. बंदरावर माल कसा येतो, भाव कसा ठरतो, उधारी कशी चालते, हे सगळे ते तिथेच शिकले. आपण ज्याला आज एमबीए म्हणतो ते त्यांनी असे पगार घेऊन केले.

१९५८ मध्ये ते मुंबईला परतले. मस्जिद बंदरला साडेतीनशे चौरस फुटांची एक खोली, त्यात एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक टेलिफोन. एवढ्यावर रिलायन्सची सुरुवात झाली. बिऱ्हाड भुलेश्वरच्या चाळीत. आधी मसाले, मग सूत, मग १९६६ मध्ये नरोड्याला कापड गिरणी आणि विमल हा ब्रँड. १९७७ मध्ये त्यांनी शेअर विकायला काढले ते साध्या मध्यमवर्गीय माणसाला. सुमारे ५८ हजार लोकांनी ते घेतले. मोठ्या बँकेच्या दारात उभे राहण्यापेक्षा हजारो लहान खिशांकडून थोडे थोडे घ्यायचे, हे सूत्र त्यांना इथे सापडले.

दुसरे सूत्र सापडले आपल्या रायगड जिल्ह्यातील पाताळगंगेला. १९८२ मध्ये तिथे पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. आज किती माल खपतो हे बघून कारखाना बांधायचा नाही, तर कारखानाच एवढा मोठा बांधायचा की भाव खाली येईल आणि गिऱ्हाईक आपोआप वाढेल, असा त्यांचा विचार. ऊर्जानगरात राहणाऱ्यांना हे वेगळे शिकवायला नको. एकदा संच उभा राहिला की तो जितका फुल लोडवर चालेल तितका एका युनिटमागचा भांडवली खर्च कमी होतो.

हेच गणित त्यांनी टेलिफोनला लावले. जमिनीखालून देशभर फायबरचे जाळे टाकायला प्रचंड पैसा लागतो, पण ते टाकून झाल्यावर एक जादा कॉल नेण्याचा खर्च जवळजवळ शून्य. मग दर मिनिटाला सोळा रुपये कशाला? पोस्टकार्डाला लागतात त्यापेक्षा कमी पैशांत माणसाला फोन करता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९८६ मध्ये पक्षाघाताने उजवा हात अधू झाला, तरी त्यांची मोठी स्वप्ने बघायची सवय गेली नाही.

दुर्दैव बघा. ६ जुलै २००२ रोजी ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. रिलायन्सची सीडीएमए मोबाइल सेवा सुरू झाली २८ डिसेंबर २००२ ला, म्हणजे त्यांच्या सत्तराव्या जन्मदिनी. हे जाळे सुरू झालेले त्यांना बघता आले नाही. त्या जाळ्यात दर होता मिनिटाला चाळीस पैसे. २००३ च्या पावसाळ्यात तर सुरुवातीला फक्त ५०१ रुपये भरून हँडसेट मिळू लागला. सीडीएमए तंत्राच्या त्या फोनवर बातम्या आणि क्रिकेटचा स्कोअरही दिसायचा. फोन बोलण्यापुरता न राहता वर्तमानपत्रासारखा झाला तो इथून.

पण सगळे गोडच होते असे नाही. सरकारी नियम आपल्या सोयीने वळवतात अशी टीका धीरूभाईंवर आयुष्यभर झाली. त्यांच्या कंपनीने मर्यादित फिरतीच्या परवान्यावर पूर्ण मोबाइल सेवा दिली म्हणून मोठा वाद झाला आणि शेवटी दंड भरावा लागला. हप्त्यावर फोन नेलेल्या कित्येकांनी बिलेच भरली नाहीत. २००५ मध्ये दोन्ही मुलांत वाटणी झाली आणि टेलिकॉम धाकट्या अनिल यांच्याकडे गेले. २०१६ मध्ये थोरले मुकेश जिओ घेऊन उतरले, तेव्हा बोलणे फुकटच झाले. या दरयुद्धात आणि कर्जात पहिली कंपनी बुडाली. २०१७ च्या अखेरीस तिची मोबाइल सेवा बंद पडली. म्हणजे वडिलांनी सुरू केलेले गणित एका मुलाने पुढे नेले आणि त्याच गणिताने दुसऱ्याला बुडवले! कंपनी गेली, पण दर काही परत सोळा रुपयांवर गेले नाहीत.

आता आपल्यापुरता विचार करू. गर्दी असेल तर स्वस्त करून नफा मिळतो, हे धीरूभाईंनी दाखवले. पण जिथे गर्दीच नाही तिथे काय? गडचिरोलीच्या आतल्या भागात एका टॉवरखाली चार वाड्यावस्त्या आणि बाकी जंगल. तिथे टॉवर कधीच फुल लोडवर चालणार नाही, म्हणून खासगी कंपनी सहसा जात नाही. बरेच टॉवर सरकारी निधीतून बीएसएनएलनेच उभारले. तिकडचे आपले मित्र सुट्टीत घरी गेले की आठ-आठ दिवस ऑनलाइन दिसत नाहीत, ते उगाच नाही. पैशाचा प्रश्न धीरूभाईंच्या पिढीने बराचसा सोडवला. रेंजचा प्रश्न मात्र अजून तसाच पडून आहे. तो सोडवायला दहावी शिकलेला एखादा जिद्दी माणूस येईल की आपल्यासारखे इंजिनिअर, हे आपणच ठरवायचे आहे.