श्रीशाहू छत्रपति आणि मुकीं जनावरें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या घरीं टेरिअर जातीच्या कुत्रीला चार पिलें झालीं. एकाच वेतांतलीं, एकाच मापाचीं. परंतु स्वभाव मात्र चार. एक पिलूं दारांत येईल त्याच्यावर धांवून जाई. दुसरें, भांडें पडल्याचा आवाज झाला कीं खाटेखालीं दडे. तिसरें दिवसभर परसांतली माती उकरी. आणि चवथें खाण्यावांचून दुसऱ्या कशाकडे पाहीच ना. घरांतील मुलांनीं चौघांनाही एकाच छडीनें शिकविण्याचा घाट घातला. पंधरा दिवसांत भित्रें पिलूं अधिकच भित्रें झालें आणि धीटानें छडी चावून टाकली. उकरणाऱ्याला तर शिक्षा कशाबद्दल होते हेंच कळेना. आणि त्याचें तरी काय चुकलें? टेरिअर हें नांवच भूमिवाचक लॅटिन शब्दावरून आलेलें असून, बिळांत शिरून कोल्ह्याला बाहेर काढण्यासाठींच ही लहानखोर जात माणसानें पैदा केली आहे.

हा प्रकार पाहत असतां आम्हांला आमच्याच करवीरच्या एका थोर पुरुषाची आठवण झाली. श्रीशाहू छत्रपतींनीं बांधलेलें राधानगरीचें धरण, काढलेलीं वसतिगृहें, १९१२ सालीं उभें राहिलेलें खासबागेचें कुस्तीचें मैदान, यांविषयीं आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलें असेल. आम्ही येथें त्या चरित्राकडे पागेच्या वाटेनें जाणार आहों.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. मूळचें नांव यशवंतराव. आई लहानपणींच गेली. १७ मार्च १८८४ रोजीं ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, आणि दोनच वर्षांनीं वडिलांचेंही छत्र नाहींसें झालें. पुढें राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत व नंतर धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. राजकोटास भावनगरचे भावसिंहजी हे त्यांचे सहाध्यायी होते. तो स्नेह जन्मभर टिकला, आणि कोल्हापुरांतील भाऊसिंगजी रस्ता आजही त्याची साक्ष देतो. २ एप्रिल १८९४ रोजीं महाराजांनीं राज्यकारभार हातीं घेतला, तेव्हां त्यांचें वय वीस वर्षांचेंही नव्हतें.

त्यांचें वाहन म्हणजे खडखडा. घोडीं गाडीला सरावावींत म्हणून वापरावयाची ही दणकट गाडी. हिच्यांत बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होत. राजानें मऊ गादीच्या बग्गींतून फिरावें, तर हे स्वतः लगाम धरून खडखडा हांकीत. नव्या घोड्याला शिकविण्याची जुनी रीत अशी कीं, त्याला एखाद्या शहाण्या, मुरलेल्या घोड्याच्या जोडीला जुंपावयाचें. बुजऱ्याला आधार मिळतो आणि अवखळाला आवर बसतो. मात्र कोणता घोडा बुजरा आणि कोणता अवखळ, हें आधीं ओळखावें लागतें. तेथेंच शिकविणाराची खरी परीक्षा असते.

घोड्याहून अवघड विद्यार्थी म्हणजे चित्ता. चित्त्याकडून काळवीट धरविण्याचा महाराजांना मोठा नाद होता. ही विद्या आपल्या प्रांतांत जुनीच. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें सुमारें ११३० सालीं रचलेल्या मानसोल्लास ग्रंथांत ती आली आहे. शिकारी कुत्र्यांसाठीं तर त्यांत स्वतंत्र प्रकरणच आहे. चित्त्याचें एक विशेष असें कीं, लहान पिलूं आणून वाढविल्यास तें शिकारीच्या कामाचें होत नसे. हरणामागें कसें जावें हें तें आपल्या आईपाशींच शिकतें. माणसाला तें शिकवितां येत नाहीं. म्हणून आईच्या शाळेंतून उत्तीर्ण झालेला, वाढलेला चित्ताच धरीत. मग डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला खाटेला बांधीत. रखवालदार रात्रंदिवस जवळ बसत, अंगावरून हात फिरवीत, त्याच्याशीं बोलत. बायकामुलांच्या गलबल्यांत त्याला ठेवीत आणि भर बाजारांतून हिंडवीत. लांकडी पळींतून त्याला खाऊं घालीत. कोणी लवकर माणसाळे, कोणी महिनोन्‌महिने गुरगुरत राही. अशा रीतीनें शिकलेला चित्ता बैलगाडींतून कळपाजवळ नेऊन टोपी काढली कीं बाणासारखा सुटे. थोड्या अंतरांत काळवीट सांपडला तर सांपडला. नाहींतर स्वारी रुसून मैदानांतच बसून राही. रुसलेल्या चित्त्याला मारून उपयोग नसे. पळी पुढें करून, गोडीनें समजूत घालूनच पुन्हां टोपी चढवावी लागे. आमच्या शेजारच्या मुलांनीं हें वाचावें!

कोल्हापुरांत हा शौक राजाराम महाराजांच्या कारकीर्दींतही चालला. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर आफ्रिकेंतून आणविले गेले. १९५२ सालीं भारतांतून चित्ता नष्ट झाल्याचें जाहीर झालें, आणि २०२२ सालीं मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत नामीबियाहून आणलेले चित्ते सोडण्यांत आले.

शिकारीचें हें वर्णन आम्ही केलें तरी तिची तरफदारी करावयास आम्ही तयार नाहीं. तीच गोष्ट साठमारीची. मस्त हत्तीला डिवचून, तो अंगावर आला कीं आडोशाच्या बुरजांत शिरावयाचें, हा खेळ महाराजांच्या आवडीचा होता, आणि कोल्हापुरांतील एका भागाला साठमारी हें नांव अद्याप आहे. माणसाच्या धाडसाचें कौतुक वाटतें; पण हत्तीला त्यांत काय सुख? ज्यांना जनावराचें मन इतकें कळे त्यांना हें खटकलें नसेल काय, असा प्रश्न आमच्या मनांत येतो. दाजीपूरच्या ज्या रानांत संस्थानाच्या शिकारी होत, तें १९५८ पासून अभयारण्य झालें, हें मात्र बरें झालें.

आतां पागेंतली एक गोष्ट सांगतों. २६ जुलै १९०२ रोजीं महाराजांनीं संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निदान शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला. पुष्कळ सुशिक्षित मंडळींना तो अन्याय वाटला. आख्यायिका अशी सांगतात कीं, सांगलीचे एक विद्वान वकील महाराजांकडे आले, आणि नोकरी गुणावर मिळावी, जातीवर नव्हे, असें त्यांनीं मांडलें. महाराजांनीं वाद घातला नाहीं. त्यांना पागेंत नेलें. तेथें प्रत्येक घोडा आपापल्या तोबऱ्यांतून चंदी खात होता. महाराजांनीं सर्वांची चंदी एका ठिकाणीं पसरावयास सांगून घोडीं मोकळीं सोडविलीं. धट्टीकट्टीं घोडीं पुढें घुसलीं, लाथा झाडूं लागलीं, आणि अशक्त घोडीं व शिंगरें लांब उभीं राहून पाहत राहिलीं. थोड्याच वेळांत चंदी संपली. वकीलसाहेब काय तें उमजले.

ही गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, ती सांगणारांनीं महाराजांचा स्वभाव नेमका ओळखला आहे. तोबरा प्रत्येकाचा निराळा असावा, हें ते पागेंतच शिकले होते.

परंतु त्याच पागेंत जें घडलें तें सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होत नाहीं. गंगाराम कांबळे नांवाचा एक महार तरुण तेथें चाकरीस होता. स्पृश्यांच्या पाण्याला हात लावला म्हणून इतर नोकरांनीं त्याला निर्दयपणें मारलें. राजा त्या वेळीं परगांवीं होता. ज्या राजाच्या घरीं चित्त्यालाही गोडीनें वागविण्यांत येई, त्याच्याच दारीं माणसाची पाठ सोलली गेली! महाराज परत येतांच गंगारामनें आपले वळ दाखविले. महाराजांचा संताप अनावर झाला आणि मारणाऱ्याला त्यांनीं कडक शिक्षा केली. आम्हांला मात्र विशेष वाटतें तें पुढचें. गंगारामला त्यांनीं चाकरींतून मोकळें करून भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें दुकान घालून दिलें. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? रोज फिरावयास निघालें कीं महाराजांचा खडखडा त्या दुकानापाशीं थांबे. ते स्वतः चहा मागवीत, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजीत. राजानें घेतल्यावर नाहीं म्हणावयाची सोय कोणाला उरली नाहीं. १९१८ सालीं त्यांनीं महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यामागची पोलीस-हजेरीही बंद केली.

६ मे १९२२ रोजीं मुंबईस महाराज वारले; वय अवघें सत्तेचाळीस. त्यानंतर थोड्याच वर्षांत कोल्हापूरच्या नर्सरी बागेंत त्यांचें पहिलें स्मारक उभें राहिलें. तें उभारण्यांत पुढाकार होता चहावाल्या गंगाराम कांबळ्यांचा.