बूखनवाल्डच्या छावणींतील पाळक पौल श्नायडर

जर्मनी देशांत वायमार नांवाचें एक जुनें शहर आहे. थोर कवींचें व पंडितांचें शहर म्हणून त्याची कीर्ति फार दिवसांची. त्या शहराजवळच एटर्सबर्ग नांवाची रानानें वेढलेली टेकडी आहे. तेथें १९३७ सालच्या जुलै महिन्यांत हिटलरच्या सरकारनें झाडें तोडवून एक बंदिछावणी उभारली व तिला बूखनवाल्ड हें नांव दिलें. पुढील आठ वर्षांत तेथें व तिच्या पोटछावण्यांत सुमारें २,८०,००० माणसें कोंडण्यांत आलीं, आणि त्यांपैकीं सुमारें ५६,००० मरण पावलीं. वेठ हा शब्द आमच्या खेड्यांतील वाचकांस नवा नाहीं. परंतु ह्या वेठीला मजुरी नव्हती, मुदत नव्हती, आणि पुष्कळांस तींतून मरणावांचून सुटका नव्हती. त्या वेठकऱ्यांत एका लहानशा खेड्याचे पाळक होते. त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पौल श्नायडर ह्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८९७ रोजीं ऱ्हाईन प्रांतांतील एका पाळकाच्या घरीं झाला. पहिल्या महायुद्धांत ते सैन्यांत होते व जखमी झाले. युद्धानंतर त्यांनीं ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला. पण मंडळीचें काम हातीं घेण्यापूर्वीं ते डॉर्टमुंड येथें लोखंडाच्या भट्टीवर मजूर म्हणून राबले. कष्टकऱ्यांचें जिणें स्वतः अनुभवल्यावांचून त्यांस उपदेश करूं नये, असें त्यांस वाटे. १९२६ सालीं त्यांचा मार्गारेटबाईंशीं विवाह झाला, आणि त्याच वर्षीं वडिलांच्या मागें होखेलहाईम येथील मंडळी त्यांच्याकडे आली. पुढें त्यांस सहा मुलें झालीं.

१९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला. नव्या राज्यकर्त्यांच्या वर्तनावर श्नायडर ह्यांनीं उघड टीका केल्यामुळें त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, व १९३४ सालीं त्यांस डिकन्शीड व वोमराट ह्या दोन खेड्यांत पाठविण्यांत आलें. तेथें येऊन थोडे दिवस झाले नाहींत तोंच एका तरुणाच्या दफनविधीचा प्रसंग आला. पक्षाच्या पुढाऱ्यानें मृताला पक्षाच्या स्वर्गांतील पलटणींत नेऊन बसविलें. ख्रिस्ती दफनविधींत असल्या कल्पनेला जागा नाहीं, असें पाळकांनीं कबरेपाशींच स्पष्ट सांगितलें. त्यांस अटक झाली. ही पहिली अटक, शेवटची नव्हे.

१९३७ सालच्या उन्हाळ्यांत दोन महिने तुरुंगांत ठेवून सरकारनें त्यांस सोडलें, पण ऱ्हाईन प्रांतांत पाऊल ठेवूं नये अशी हद्दपारीची आज्ञा दिली. मेंढपाळानें कळप सोडावा अशी आज्ञा देण्याचा अधिकार सरकारला नाहीं, असें त्यांचें मत होतें. ३ ऑक्टोबर रोजीं, पिकाबद्दल देवाचे उपकार मानण्याच्या सणाच्या दिवशीं, ते डिकन्शीडच्या व्यासपीठावर उभे राहिले. संध्याकाळीं वोमराटच्या उपासनेस जात असतां वाटेंतच पकडले गेले. २७ नोव्हेंबर रोजीं त्यांस बूखनवाल्ड येथें नेण्यांत आलें. तेथें ते पाळक राहिले नाहींत, कीं पौल राहिले नाहींत; ते क्रमांक २४९१ झाले.

त्या छावणींत क्रमांकाचाच कारभार होता. कैदी खाणींतून दगड काढून खांद्यावर वाहत, रान तोडीत, रस्ते बांधीत. जनावरांच्या जागीं माणसें गाड्यांस जुंपलेलीं असत, आणि ओढतां ओढतां त्यांस गाणीं म्हणावयास लावीत. वायमारहून टेकडीवर येणारा रस्ता कैद्यांकडूनच बांधून घेतला. त्याला पुढें रक्ताचा रस्ता असें नांव पडलें.

२० एप्रिल १९३८ हा हिटलरचा वाढदिवस. सर्व कैद्यांनीं टोप्या काढून पक्षाच्या निशाणाला मान द्यावा, असा हुकूम सुटला. हजारों टोप्या निघाल्या. एक निघाली नाहीं. श्नायडर ह्यांस सर्वांदेखत फटके मारून एकांतकोठडींत टाकण्यांत आलें, आणि मरेपर्यंत ते त्या कोठडींतच राहिले. कोठडीची खिडकी हजेरीच्या मैदानाकडे होती. कैदी सकाळसंध्याकाळ तेथें रांगेनें उभे राहत, तेव्हां ते गजांना धरून शास्त्रांतील धीराचीं वचनें मोठ्यानें ऐकवीत व छावणींतील खुनांचा निषेध करीत. दोनचार शब्द झाले कीं शिपाई धांवत, आणि मारहाण सुरू होई. तरी पुनः आवाज येई.

येथें कोणी विचारील कीं, टोपी काढणें ती केवढीशी गोष्ट? आणि हद्दपारी मान्य करून एका कागदावर सही केली असती तर ते घरीं जाऊं शकत होते. घरीं पत्नी व सहा लेंकरें होतीं. हा प्रश्न सोपा नाहीं, व ज्यांनीं टोप्या काढल्या त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु ती सही म्हणजे आपली मंडळी सरकारच्या हवालीं केल्याची कबुली झाली असती, असें श्नायडर ह्यांस वाटलें. आणि मार्गारेटबाईंनीं त्यांस सहीची गळ घातली नाहीं. शिवाय मैदानांत उभ्या असलेल्या माणसांचा विचार करा. दिवसभर ज्यांस क्रमांकावांचून हांक नाहीं, त्यांस माणूस समजून बोलणारा आवाज त्या खिडकींतून येत होता.

१८ जुलै १९३९ रोजीं छावणीच्या डॉक्टरानें हृदयाच्या औषधाची प्राणघातक मात्रा टोचून त्यांचा अंत केला. मार्गारेटबाईंनीं स्वतः जाऊन देह घरीं आणला. डिकन्शीडच्या दफनविधीस शेंकडों लोक व दूरदूरचे पाळक आले, हें पाहत असलेल्या पोलिसांचें भय न धरितां. १९५३ सालीं बाईंनीं पतीचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्या २००२ सालीं निवर्तल्या.

पाळकांच्या मरणानंतर महायुद्ध पेटलें, आणि वेठ वाढली. पोलंड, रशिया, फ्रान्स इत्यादि देशांतून आणलेले लोक बंदुकांच्या कारखान्यांत राबले; १९४३ सालापासून कित्येकांस डोंगराच्या पोटांतील बोगद्यांत अग्निबाण तयार करण्यास धाडलें. ११ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकन सैन्य आलें, तेव्हां सुमारें २१,००० कैदी जिवंत होते. त्यांत सुमारें ९०० मुलें होतीं. सुटल्यावर आठच दिवसांनीं त्यांनीं हजेरीच्या मैदानावर मृतांच्या स्मरणार्थ लांकडी स्तंभ उभारला. त्याच जागीं १९९५ सालीं धातूची एक सपाट पाटी जमिनींत बसविण्यांत आली. तिच्यावर पन्नासाहून अधिक राष्ट्रांचीं नांवें आहेत, आणि ती बारा महिने ३७ अंश, म्हणजे जिवंत माणसाच्या अंगाइतकी, ऊबदार ठेवितात. हिवाळ्यांत भोंवतालीं बर्फ सांचतें, पण पाटीवर टिकत नाहीं.

वाचकहो, श्नायडर ह्यांचें नांव राहिलें. त्यांच्यासंगें दगड वाहणाऱ्या हजारोंचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत. पाळकांची आठवण करितांना त्यांसहि आठवावें, कारण ते त्यांसाठींच खिडकीशीं उभे राहत असत. आपल्या मंडळींतील मुलांस ही हकीकत सांगा, आणि गांवांत ज्याला कोणी नांवानें हांक मारीत नाहीं अशा मजुराला नांवानें हांक मारावयास त्यांस शिकवा.