शिरोडकरांचा टाका

आमच्या प्रभादेवीतले सिद्धिविनायकाचे देऊळ १८०१ साली उभे राहिले. त्यासाठी पैसा दिला देऊबाई पाटील या निपुत्रिक बाईंनी. आपल्याला मूल नाही, निदान इतर बायकांची तरी कूस उजवावी, ही त्यामागची इच्छा. नवस बोलायला येणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आले. त्यांतल्या काहींचे दुःख वेगळेच असे. त्यांना दिवस राहत, चार-पाच महिने सारे सुरळीत चाले आणि मग फारशी कळ न येताच सगळे संपून जाई. एकदा नव्हे, तीन-तीन, चार-चार वेळा. चाळीच्या नळावर मग कुजबुज चाले: जड उचलले असेल, जिने फार चढली असेल. दोष शेवटी बाईच्याच पदरात पडे.

या दुखण्यावर नेमके बोट ठेवणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर याच मुंबईत काम करत होते. जन्म २७ एप्रिल १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. शाळा हुबळीला झाली आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९२३ साली ते एम.बी.बी.एस. झाले, १९२७ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयात एम.डी. आणि १९३१ साली इंग्लंडला जाऊन एफ.आर.सी.एस. परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे.जे. रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे विद्यार्थी घडवले आणि शस्त्रक्रिया केल्या.

त्या काळी अशा बाईला दोनच उपाय सांगितले जात: अंथरुणात पडून राहा आणि संप्रेरकांची इंजेक्शने घे. शिरोडकरांच्या लक्षात आले की हे सारे नीट पाळूनही काही बायकांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यात जातोच. मग त्यांनी या बायकांना गर्भारपणात पुन्हा पुन्हा तपासले. गर्भाशयाचे तोंड नऊ महिने घट्ट मिटलेले असावे लागते. या बायकांत ते कमकुवत असल्याने वाढत्या वजनाखाली वेळेआधीच उघडत होते. नाडी सैल झालेल्या पिशवीसारखेच हे.

पॅरिस आणि शिकागोच्या सर्जनांनी असे तोंड दुरुस्त करण्याचे प्रयत्न आधी केले होते, पण दोन गर्भारपणांच्या मधल्या काळात. शिरोडकरांनी दिवस गेलेले असतानाच ते बांधून टाकले, तेही त्याच बाईच्या मांडीतून काढलेल्या चिवट पटलाच्या पट्टीने. १९५५ साली मद्रासच्या अँटिसेप्टिक या वैद्यकीय मासिकात त्यांनी ही पद्धत मांडली. १९५७ साली मेलबर्नच्या इयान मॅक्डोनाल्ड यांनी त्याहून सोपा टाका सुचवला. आज जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत ही दोन्ही नावे शेजारी शेजारी असतात.

इथवरची गोष्ट अभिमानाची. पण एखादा उपाय नावारूपाला आला की तो सरसकट वापरला जातो. एकदा गर्भ गेला, घाला टाका, असे होऊ लागले. खरा उपयोग कोणाला, हे तपासायला मोठी पाहणी करावी लागली आणि तिचा अंतिम अहवाल १९९३ साली आला. टाका घालावा की नाही याविषयी खुद्द डॉक्टरच साशंक होते, अशा १२९२ स्त्रिया तीत होत्या. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले. बिनटाक्याच्या गटात १०० पैकी १७ जणी ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, टाक्याच्या गटात १३. माझा सारा जन्म बँकेत आकडे तपासण्यात गेला, म्हणून हिशेब मांडते: १०० मागे ४ जणींना फायदा, म्हणजे २५ टाके घालावेत तेव्हा एकीची अकाली प्रसूती टळते. उलट बाजूला बाळंतपणातल्या तापाचे प्रमाण टाका घातलेल्यांत जास्त होते.

मग शिरोडकर चुकले का? मुळीच नाही. त्याच अहवालात, ज्यांची तीन किंवा अधिक बाळंतपणे वेळेआधी झाली होती, अशा स्त्रियांचे आकडे वेगळे आहेत. त्यांच्यात हे प्रमाण ३२ वरून १५ वर आले. शिरोडकरांनी ज्यांना पाहून हा टाका शोधला, त्या जवळपास याच बायका.

म्हणून घरातल्या लेकीसुनेला टाका सुचवला गेला, तर घाबरू नये आणि मुकाट मानही डोलवू नये. आधीचे गर्भ कितव्या महिन्यात गेले, कळा आल्या होत्या का, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी किती भरली, हे विचारावे. जुळी आहेत म्हणून केवळ खबरदारीचा टाका घातल्याने लाभ होतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. नाव नोंदवणाऱ्या परिचारिकेने पहिल्याच भेटीत ही माहिती नीट लिहून घेतली, तर पुढचा निर्णय निम्मा सोपा होतो. शिरोडकरांच्या शोधाची सुरुवात तरी कुठून झाली? बाईचे आधी काय झाले हे लक्ष देऊन पाहण्यातूनच.

१९६० साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७१ साली पद्मविभूषण, आणि त्याच वर्षी ७ मार्चला ते गेले. त्यांच्या टाक्याने कितीतरी घरांत पाळणे हलले. पण मला त्यांचे उपकार आणखी एका गोष्टीसाठी वाटतात. नळावरच्या कुजबुजीत ज्यांची मान खाली जाई, त्यांतल्या अनेकींचा ना जिन्याने घात केला होता, ना हंड्याने. त्यांचे काहीच चुकले नव्हते.