पाखरांपासून पाळण्यापर्यंत

रेचेल कार्सन हे नाव आपल्याकडे पर्यावरणदिनाच्या भाषणांत हमखास येते. डीडीटीविरुद्ध पुस्तक लिहिणारी अमेरिकन बाई, एवढी ओळख बहुतेकांना पुरते. मी गेली तीस वर्षे लहान मुलांचा डॉक्टर म्हणून काम करतो आहे आणि माझ्या लेखी कार्सनबाईंचे मोल थोडे निराळे आहे. शेतावर मारलेले औषध शेतातच राहत नाही. ते प्राण्यांच्या जननेंद्रियांपर्यंत, पुढच्या पिढीपर्यंत पोचते, ही शंका त्यांनी सामान्य वाचकाच्या घरात नेऊन ठेवली.

त्यांचा जन्म २७ मे १९०७ चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल या नदीकाठच्या गावातला. घरची परिस्थिती बेताची. आईने रानावनात हिंडवून पाखरांची, किड्यांची ओळख करून दिली. अकराव्या वर्षी मुलांच्या मासिकात गोष्ट छापून आली, तेव्हा ही मुलगी लेखिका होणार असेच सर्वांना वाटले. कॉलेजात मात्र त्या इंग्रजी सोडून जीवशास्त्राकडे वळल्या आणि १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम. ए. झाल्या. पुढे वडील गेले, थोरली बहीण दोन मुली मागे ठेवून गेली. घर चालवण्यासाठी सरकारच्या मत्स्यखात्यात नोकरी धरावी लागली. १९५१ मध्ये समुद्रावरच्या ‘द सी अराउंड अस’ने कीर्ती आणि पैसा दोन्ही दिले, तेव्हा कुठे ती नोकरी सुटली. १९५७ मध्ये भाची वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा कार्सनबाईंनी दत्तक घेतला. स्वतः त्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या.

जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका मैत्रिणीचे पत्र आले. डासांसाठी विमानातून फवारणी झाली आणि तिच्या अंगणातली पाखरे मरून पडली होती. त्या पत्रानंतर साडेचार वर्षे कार्सनबाई अहवाल, शोधनिबंध आणि शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार यांत बुडून गेल्या.

डीडीटीचा त्या काळचा दबदबा आज कळणे कठीण आहे. महायुद्धात त्याने टायफसच्या साथी आवरल्या होत्या. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ चे नोबेल मिळाले होते. आपल्याकडेही १९५३ पासून हिवतापाविरुद्ध गावोगाव फवारणी झाली. आमच्या लहानपणी पाठीवर पंप घेतलेले फवारणीवाले येत. आजी भांडीकुंडी, धान्याचे डबे भराभर अंगणात काढी आणि भिंतींवर पांढरे डाग उरत. वास सुटे, ढेकूण मरत. पण त्या औषधाने हिवताप हटला, लाखो जीव वाचले, हेही तितकेच खरे.

कार्सनबाईंनी हे नाकारले नाही. सरसकट बंदी त्यांना नको होती. बेसुमार, आंधळ्या वापराला त्यांचा विरोध होता. १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये त्यांनी दाखवले, की डीडीटी चरबीत साठते आणि अन्नसाखळीत वर चढताना वाढत जाते. रॉबिन पक्ष्यांच्या वृषणांत आणि अंडाशयांत ते सापडले होते. फ्लोरिडात गरुडांची घरटी पिलांवाचून राहत होती. रसायनांनी यकृत बिघडले तर इस्ट्रोजेनचा तोल जाऊ शकतो, हेही त्यांनी मांडले. अंतःस्रावी ग्रंथींची भाषा तेव्हा कीटकनाशकांच्या चर्चेत फारशी कोणी बोलत नव्हते.

हे लिहीत असताना त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. १९६० मध्ये शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती हे त्यांना त्या वेळी स्पष्ट सांगितले गेले नाही. कळल्यावर त्यांनी दुखणे लोकांपासून लपवले, कारण स्वतःच्या आजाराचा राग औषधांवर काढते, असे विरोधकांनी म्हटले असते. एका रसायन कंपनीने प्रकाशकाला कोर्टाची धमकी दिली. बिनलग्नाची बाई म्हणून टिंगल झाली. घरात एक पोरका मुलगा वाढत होता, हे टिंगल करणाऱ्यांच्या ध्यानीही नसावे. मे १९६३ मध्ये केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या मुख्य म्हणण्याला दुजोरा दिला. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा रोग हाडांत उतरला होता. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्या गेल्या.

पुढचा पुरावा त्यांच्या मागून आला. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होत असल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवले. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे डीडीई हे पुरुषी संप्रेरकाचे काम अडवते, हे १९९५ मध्ये प्रयोगांत सिद्ध झाले.

आपल्या देशातले उदाहरण केरळच्या कासरगोडचे. तिथल्या काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या ११७ मुलग्यांची तुलना दुसऱ्या गावच्या ९० मुलग्यांशी केली. फवारणीखालच्या गावातले मुलगे उशिरा वयात येत होते, असे त्यांना २००३ मध्ये नोंदवावे लागले. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये.

माझ्याकडे हल्ली आठ वर्षांच्या आतल्या मुलींना घेऊन आया येतात. इतक्या लवकर छाती का वाढू लागली, दुधातून काही जाते का, भाजीवरच्या औषधाने झाले का, असे विचारतात. एकेका मुलीबाबत मी कारणावर बोट ठेवू शकत नाही. वाढते वजन आहे, आनुवंशिकता आहे, क्वचित मेंदूतली गाठही असते. तपासण्या कराव्याच लागतात. पण म्हणून त्या आईचा प्रश्न अडाणीपणाचा ठरत नाही. एका रोग्यात सिद्ध होत नाही ते हजार मुलांच्या नोंदी ठेवल्यावर दिसते. कासरगोडला ते दिसले, कारण कोणीतरी मोजले.

कार्सनबाईंनी प्रयोगशाळेत नवा शोध लावला नाही. विखुरलेल्या नोंदी त्यांनी एकत्र वाचल्या आणि पुराव्याचा भार पाखरांवर, मुलांवर टाकण्याऐवजी औषध विकणाऱ्यावर टाकला. आपल्या तालुक्यांत फवारणीच्या नोंदी एका खात्यात आणि मुलांच्या वाढीच्या नोंदी दुसऱ्या खात्यात पडून असतात. त्या दोन वह्या शेजारी ठेवून वाचणारे कोणी हवे आहे.